'जलप्रदूषण' हा प्रकल्पासाठी फार मोठा विषय होतोय. नेमका कसा करू?

एक घटक, एक ठिकाण, एक तुलना पकडा. उदा. 'उसाच्या शेतालगतच्या 5 आणि लांबच्या 5 विहिरींतलं नायट्रेट' (खतांतून पाण्यात झिरपणारा नत्राचा क्षार). पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे आकडे कशाशी ताडायचे तेही ठरलं.

शीर्षक देण्याआधी कॉलेजचा स्पेक्ट्रोफोटोमीटर (पाण्यातलं नायट्रेट मोजायचं यंत्र) चालू आहे का ते बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. नमुने बर्फात ठेवून 48 तासांत तपासायचे, नाहीतर जिवाणू नायट्रेट बदलतात आणि आकडे फसतात. प्रत्येक विहिरीजवळ गोठा किंवा शौचखड्डा आहे का, तेही टिपा. नायट्रेट तिथूनही झिरपतं, त्यामुळे शीर्षकात 'खतांचा परिणाम' लिहू नका. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.