रात्री दोनला मैदानात लोळवून लढाईची भीती जाते का?

ताई, तुमचा धाकटा भाऊ दोन महिन्यांपूर्वी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेला. रविवारी फोनवर रडतो, रात्री दोनला उठवून मैदानात लोळायला लावतात म्हणतो. असल्या छळाने लढाईतली भीती खरंच जाते का, असं तुम्ही विचारलंय.

जात नाही. मी 2001 साली त्याच सेंटरला भरती झालो, 17 वर्षं नोकरी केली आणि आता यावल तालुक्यात केळी लावतो. माझी गेली नाही. गेली म्हणून सांगणारे मला फक्त लग्नाच्या पंगतीत भेटलेत.

तुम्ही धरणगावच्या, म्हणजे केळीचं सांगितलं तर लगेच कळेल. टिश्यूकल्चरचं रोप बाटलीतून काढून थेट मृगबागेत लावलं तर माना टाकतं. म्हणून आधी हरितगृह, मग शेडनेट, ऊन थोडं थोडं वाढवत न्यायचं. हार्डनिंग म्हणतो आपण. फौजेला हे उंचीच्या बाबतीत पक्कं ठाऊक आहे. 9,000 फुटांवर गेलं की 6 दिवस मुक्काम, 12,000 ला 4, 15,000 ला आणखी 4, मगच वर. भीतीचंही तसंच करायचं असतं, पण तिला फूटपट्टी नाही. सगळा डोस उस्तादाच्या, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदाराच्या अंदाजावर.

एक प्रकार सांगतो. आम्हाला खड्ड्यात बसवून डोक्याच्या बऱ्याच वरून खऱ्या गोळ्या सोडल्या होत्या. बॅटल इनॉक्युलेशन म्हणतात, लस टोचावी तसं. पहिल्या गोळीला मी मातीत तोंड खुपसलं. उस्ताद ओरडले, "तोंड वर, कान उघडा!" मग समजावलं. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगात येते, म्हणून आधी कानाजवळ 'कडाक्' होतं आणि मागून बंदुकीचा 'ठप्' पोहोचतो. दोघांत अर्धा सेकंद गेला तर झाडणारा अंदाजे 300 मीटरवर. 'ठप्' ज्या बाजूने आला तिकडे तो. पुढची गोळी आली तेव्हा मी चक्क मोजत होतो. घाबरलेला होतोच, पण घाबरलेल्या डोक्याला एक काम मिळालं होतं.

दुसरं म्हणजे हात. डोळ्यांवर पट्टी बांधून इन्सास रायफल खोलायची आणि जोडायची. दिवसातून किती वेळा, विचारू नका. तेव्हा मलाही हे येडेपण वाटायचं. पण जीवावर बेतलं की अंगात अॅड्रेनलिन उसळतं, नजर बोगद्यासारखी अरुंद होते, बोटं जाड झाल्यासारखी होतात. नव्याने विचार करून काही करणं जमत नाही, आधी हजारदा केलेलं तेवढंच जमतं.

काश्मीरात पूंछकडे एका रात्री अँबुश लावून, म्हणजे दबा धरून बसलो होतो. फायर सुरू झाला आणि माझ्या कानांनी दार लावून घेतलं, स्वतःच्या रायफलचा आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा. पाच-सहा गोळ्यांनंतर ट्रिगर दाबला तर काहीच नाही. पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, हातांनी केलं. मॅगझिन बाहेर, हँडल मागे, बोट चेंबरमध्ये, अडकलेली पुंगळी उपसली, मॅगझिन आत, हँडल सोडलं. सकाळी बघतो तर बोटाला फोड. कधी भाजलं ते आजही आठवत नाही. (इन्सासच्या या 5.56 मिमीच्या गोळ्या आपल्या भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यातही बनतात. ती अडकलेली गोळी कुठली होती ते पाहायला सवड नव्हती, नाहीतर गावी येऊन भांडलो असतो.)

रात्री दोनचा खेळही याचसाठी. झोप मोडलेली, अंग चिंब, पोट रिकामं, आणि तशात विचारतात, "तुझ्या सेक्शनचे दहाही आलेत का? मोज." शरीर कोसळलं तरी डोक्याने एवढं साधं काम करावं, याची ती सवय.

पण सगळाच रगडा शहाणपणाचा असतो असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी एक उस्ताद घरचा राग आमच्यावर काढायचे. पाठीवर पिट्ठू, म्हणजे फौजी पिशवी बांधून दुपारभर पळवायचे. त्यातून मी फक्त त्यांची नजर चुकवायला शिकलो. घाम काढणं वेगळं, हात उगारणं वेगळं. कुणी मारत असेल तर भावाने कंपनी कमांडरसमोर जाऊन सांगावं, त्यात भेकडपणा नाही.

आणि बडी. प्रत्येकाला एक जोडीदार देतात. खाणं, पहारा, शिक्षा, सगळं दोघांत. तुमच्याच धरणगावात 1825 मध्ये आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभी केली, तेव्हा आधी तो भिल्लांबरोबर रानात शिकारीला हिंडला, त्यांचा भरवसा मिळवला आणि मग त्यांना फौजेत घेतलं. क्रम बरोबर होता. माझा बडी शिंदखेड्याकडचा. पूंछच्या त्या रात्री फायर थांबल्यावर त्याचे पहिले शब्द, "पानी शे का?" मी बाटली दिली. त्याच्या हातून अर्धी सांडली, उरलेली माझ्या हातून. आम्ही दोघं जागेवरून हललो नव्हतो ते देशासाठी असं लोक म्हणतात. खरं सांगू? तो शेजारी होता म्हणून मी, आणि मी होतो म्हणून तो.

एक गोष्ट मात्र तेव्हा शिकवली नव्हती, ती म्हणजे नंतरचं. सुट्टीवर आलो की आई ताटात वरणबट्टी वाढायची आणि मी दाराकडे तोंड करून बसायचो. दोन वर्षं मला नीट झोप नव्हती. हे कुणाला सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं. आता युनिटमध्ये समुपदेशक असतात, पण त्यांच्याकडे आपल्या पायांनी जावं लागतं. ते भावाला आत्ताच सांगून ठेवा.

रडतो याची काळजी करू नका, पहिले तीन महिने मीही रडलो, तेही एसटीडी बूथच्या रांगेत, सगळ्यांसमोर. येत्या रविवारी फोन आला की जेवलास का, झोपलास का हे राहू द्या. बडीचं नाव विचारा, तो कुठल्या गावचा, घोरतो का ते विचारा. त्यावर तो पाच मिनिटं बोलत राहिला तर मला इथे कळवा.