एकच डीएनए, तर पेशी वेगवेगळ्या कशा? आणि बाहेरचा संदेश जनुकापर्यंत पोचतो कसा?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत तोच डीएनए असताना दोघींची कामं इतकी वेगळी का, हा पहिला. पेशीच्या बाहेर काही घडलं तर आत दडलेल्या जनुकाला ते कळतं कसं, हा दुसरा. लॅक ओपेरॉन (लॅक्टोज साखर खाण्यासाठी लागणारा जिवाणूंचा जनुकसंच) पाठ करूनही हे उमगलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा धडा शिकवताना दरवर्षी दिसतं की आकृती मुलांच्या लक्षात राहते आणि तिच्यातली खरी गोष्ट निसटते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संदेश आला की पेशी झोपेतून उठते आणि कामाची तयारी सुरू करते, असं आपण समजून चालतो. पण बऱ्याच वेळा तयारी आधीच झालेली असते आणि कोणीतरी ती धरून ठेवलेली असते. संदेश येऊन त्या धरणाऱ्याचा हात सोडवतो. एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा आणि पुढचं वाचा.

माझं माहेर काटोलकडचं, घरी संत्र्याचा बगिचा. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीचा फुलोरा, धरायचा म्हणजे हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत दीड-दोन महिने. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतातही. लहानपणी मला ते बघवत नसे. विहिरीत पाणी असताना झाडं तहानलेली का ठेवायची, म्हणून मी रडलेलीही आहे. बाबा म्हणायचे, "पोरी, झाडाले तहान लागू दे, मंग पाय कसं फुलते ते." जानेवारीत ताण तोडून पाणी सोडलं की काही आठवड्यांत फांदी न् फांदी पांढरी व्हायची आणि वास थेट ओसरीपर्यंत यायचा.

त्या दीड महिन्यात झाडाच्या आत जे चालतं, तेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पाणी कमी पडू लागलं की झाडात अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याला थोडक्यात एबीए म्हणू. आता पेशीच्या आत बघा. तिथे एक विकर (एन्झाइम) असतं, कायनेज. दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारायचा आणि त्यांना कामाला लावायचं, हा त्याचा धंदा. ते विकर पेशीत आधीपासूनच असतं, पण त्याला चालू राहायला स्वतःच्या अंगावरही फॉस्फेट लागतं. फॉस्फटेज नावाचं दुसरं विकर तो फॉस्फेट सतत काढून घेत राहतं. झाडाला पाणी मिळतंय तोवर हे असंच चालतं आणि कायनेज थंड बसून राहतं.

एबीए वाढला की तो आपल्या ग्राहीच्या खोबणीत जाऊन बसतो. ग्राही म्हणजे संदेश ओळखणारं प्रथिन. एबीए बसला की खोबणीवरचं झाकण मिटतं आणि ग्राहीचा आकार बदलतो. या बदललेल्या आकाराचा ग्राही फॉस्फटेजला घट्ट पकडून ठेवतो. कायनेज मोकळं होतं. बस, संदेश पोचला. हे ग्राही 2009 साली ओळखले गेले. एबीए शास्त्रज्ञांना माहीत होता 1960 च्या दशकापासून, म्हणजे संदेश कळल्यावर तो ऐकणारा सापडायला चाळीसेक वर्षं गेली.

मोकळं झालेलं कायनेज दोन वेगळ्या वेगांनी कामं करतं, आणि हा फरक पुस्तकात नीट येत नाही. पानांवरच्या रंध्रांच्या कडेला ज्या दोन रक्षक पेशी असतात, त्यांच्या पटलातल्या एका मार्गिकेवर, म्हणजे क्षारांच्या ये-जा करण्याच्या दारावर, ते शिक्का मारतं. क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. हे काही मिनिटांत होतं आणि त्यात जनुकाचा संबंधच येत नाही. दुसरीकडे तेच कायनेज अशा प्रथिनांवर शिक्का मारतं जी केंद्रकात डीएनएवर बसतात. ही प्रथिनं दुष्काळात लागणाऱ्या जनुकांच्या अलीकडे असलेला ठरावीक अक्षरांचा छोटा तुकडा ओळखतात, तिथे बसतात आणि आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतात. मग आरएनए, मग प्रथिन. याला तास लागतात, पण परिणाम दिवसेंदिवस टिकतो. पेशीला घाई असेल तर ती हाताशी असलेल्या प्रथिनांवर भागवते, आणि लांबचा बंदोबस्त करायचा असेल तर जनुकापर्यंत जाते. पाणी मिळालं की एबीए मोडला जातो, फॉस्फटेज सुटतं आणि पुन्हा पहिल्यासारखं.

आता फुलं. पानांत एफटी नावाचं एक जनुक असतं. त्याचं प्रथिन पानात तयार होतं, रसवाहिन्यांतून प्रवास करत शेंड्याच्या कळीपर्यंत जातं आणि तिथल्या एका जोडीदार प्रथिनाबरोबर बसून फूल घडवणारी जनुकं चालू करतं. झाडात फुलवणारा कुठलातरी प्रवासी पदार्थ असला पाहिजे, असा तर्क सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चाय्लाख्यान यांनी 1930 च्या दशकातच केला होता आणि त्याला फ्लोरिजेन असं नावही दिलं होतं. तो पदार्थ म्हणजे एफटी प्रथिनच, हे 2007 साली स्पष्ट झालं. संत्रावर्गीय झाडांत थंडीने आणि पाण्याच्या ताणाने पानांतलं एफटी वाढतं, हे मोजून पाहिलेलं आहे. आंबिया बहाराला आपल्याकडे दोन्ही मिळतात, डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि तोडलेलं पाणी. पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या मृग बहाराच्या वाट्याला फक्त मे महिन्याचा ताण येतो. फळांनी लदलेल्या फांदीवर एफटी दबलेलं राहतं. भरघोस बहाराच्या पुढच्या वर्षी झाड रुसतं असं शेतकरी म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

भारी जमिनीत ओल धरून राहते आणि ताण बसत नाही, तेव्हा बरेच बागायतदार क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं रसायन फवारतात. ते झाडातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक बनणं अडवतं. जिबरेलिन संत्र्याच्या झाडात फुलण्याला विरोध करतं, म्हणून तो अडथळा कमी करायचा. आणि गंमत बघा, हे जिबरेलिन स्वतः कसं काम करतं? वाढीला रोखून धरणारी डेला नावाची प्रथिनं असतात, त्यांना मोडीत काढून. म्हणजे तिथेही धरणाऱ्याला हटवणंच.

लॅक ओपेरॉनकडे आता पुन्हा बघा. झाक मोनो यांनी पॅरिसमध्ये ई. कोलाय जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिलं, तेव्हा वाढीच्या आलेखात दोन चढ आले आणि मधे एक सपाट टप्पा. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत होते, मग थांबत होते, मग लॅक्टोज खायला लागत होते. तो मधला टप्पा म्हणजे जनुकं चालू होण्याची वेळ. फ्रान्स्वा झाकोब आणि मोनो यांनी 1961 मध्ये याची उकल मांडली आणि 1965 चं नोबेल त्या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत मिळालं. रिप्रेसर प्रथिन डीएनएवर बसून वाट अडवून ठेवतं. लॅक्टोजपासून बनलेला अॅलोलॅक्टोज येऊन त्याला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, ते निसटतं आणि वाट मोकळी होते. एबीएच्या ग्राहीसारखंच, रेणू बसला की आकार बदलतो आणि पकड बदलते.

मुलं इथे एक चांगला प्रश्न विचारतात. अॅलोलॅक्टोज बनवायला विकर लागतं, आणि ते विकर तर बंद असलेल्या जनुकाचं आहे. मग पहिला अॅलोलॅक्टोज आला कुठून? उत्तर असं की बंद म्हणजे कडेकोट बंद नसतं. रिप्रेसर अधूनमधून सुटतो, तेवढ्यात विकराचे मोजके रेणू बनून जातात. तेवढे पुरतात. पूर्ण चालू झाल्यावर हेच प्रमाण सुमारे हजारपट होतं.

पण लॅकमध्ये केवळ अडसर काढून भागत नाही, हेही सांगायला हवं. ग्लुकोज संपलं की जिवाणूत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू वाढतो, तो कॅप या प्रथिनाला घेऊन डीएनएवर बसतो आणि यंत्रणेला ओढून आणतो. अडसर निघणं आणि ओढणारा येणं, दोन्ही झालं तरच पूर्ण वेग. तुमच्या-माझ्या शरीरात अॅड्रेनलिन पेशीच्या बाहेरच्या ग्राहीवर बसतं, आत शिरतही नाही, तेव्हा निरोप आत नेणारा रेणू हाच असतो, सायक्लिक एएमपी. जिवाणूत भुकेची खूण आणि आपल्यात अॅड्रेनलिनचा निरोप, रेणू तोच. मला दरवर्षी हे सांगताना नव्याने आनंद होतो.

आता पहिला भाग, तोच डीएनए आणि वेगळ्या पेशी. पुस्तकी उत्तर एका वाक्यात होतं. सगळ्या पेशींत साधारण 20,000 प्रथिनांची जनुकं असतात, प्रत्येक पेशी त्यातली काहीच वापरते, बाकीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती आवळून आणि मिथाइल या छोट्या रासायनिक गटाच्या खुणा करून बंद ठेवला जातो. पेशी विभागताना या खुणांची बरीच नक्कल होते, म्हणून यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच निघते. खरं आहे, पण यातून मन भरत नाही. विदर्भातल्या माणसाला समजावं असं उदाहरण सिकलसेलचं आहे.

इथे एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द कित्येक घरांत माहीत असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक अक्षर बदललेलं असतं. ते आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलं तर मूल एएस, दोघांकडून आलं तर एसएस. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतं आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पण एसएस बाळ जन्मतः ठणठणीत असतं. त्रास दिसू लागतो तो साधारण सहा महिन्यांच्या सुमारास. का? कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, आणि गॅमाच्या जनुकात बिघाड नाही. जन्मानंतरच्या महिन्यांत गॅमा बंद होत जातं आणि बीटा चालू होतं. गॅमाची जनुकं कुठेही जात नाहीत. 11 व्या गुणसूत्रावर, बीटाच्या शेजारीच, आयुष्यभर शाबूत असतात.

त्यांना बंद ठेवणारं प्रथिन आहे बीसीएल11ए. विजय संकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये ते दाखवलं. मग ते प्रथिनच काढून टाकलं तर? इथे अडचण येते, कारण रक्तातल्या बी पेशींना आणि मेंदूलाही बीसीएल11ए हवं असतं. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. बीसीएल11एच्या जनुकात एनहान्सर नावाचे, जनुकाला जोर देणारे डीएनएचे तुकडे आहेत. त्यातला एक लाल पेशींच्या वंशातच काम करतो, कारण गाटा1 नावाचं प्रथिन त्यावर बसावं लागतं आणि ते या वंशातल्या पेशींत भरपूर असतं. मेंदूच्या पेशीत हाच तुकडा असतो, पण त्यावर बसणारा तिथे नसतो. जनुक एकच, त्याची बटणं अनेक, आणि प्रत्येक पेशीत बटण दाबणारी प्रथिनं वेगळी. पेशींचं वेगळेपण यातून येतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्य केलेला क्रिस्परचा (डीएनए ठरावीक जागी कापण्याच्या तंत्राचा) उपचार नेमका तो एनहान्सर कापतो, रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताच्या मूळपेशींत. सिकलसेलच्या बिघडलेल्या अक्षराला हातही लावत नाही. लाल पेशींपुरतं बीसीएल11ए कमी होतं, गॅमा सुटतं. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे आणि आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. आपल्या गावाकडच्या लेकरापर्यंत ते लवकर पोचावं असं मला फार मनापासून वाटतं. तोवर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आहेत, त्यांनीही बऱ्याच रुग्णांत गॅमाचं हिमोग्लोबिन वाढतं.

माझ्या वर्गात एसएस पॅटर्नची एक मुलगी होती. हा धडा झाल्यावर ती तिचा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आली. गोळ्या सुरू झाल्यावर एचबी-एफपुढचा आकडा वाढला होता. "मॅडम, हे एफ म्हणजे मी आईच्या पोटात असतानाचंच का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. रिपोर्ट घडी करून तिने जीवशास्त्राच्या वहीत, त्याच धड्याच्या पानात ठेवला.