स्लाइड अडकली? आधी बटणावरचं बोट काढ

अरे, कॅम्परची (राहायची सोय असलेल्या गाडीची) स्लाइड, म्हणजे बटण दाबल्यावर बाहेर सरकणारी खोली, हलत नाही म्हणून बटण दाबत बसू नकोस. मोटर जळते ती अशानेच. निम्म्या वेळा दोष मोटरचा नसतोच, बॅटरीचा असतो. बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लाव. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ दाखवते. पण खरी परीक्षा बटण दाबल्यावर. आकडा धाडकन ११ च्या खाली आला, तर बॅटरी थकलीय किंवा टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढलाय. अर्थिंगची वायर चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेली असते तिथला गंज घासून काढ. मी एकदा दोन दिवस मोटर उलगडत बसलो होतो. निघाला एक सैल नट!

बटण दाबल्यावर साधा ‘टक्’ आवाजही येत नाही? मग फ्यूज बघ, आणि हँडब्रेक ओढलाय का तेही. बऱ्याच गाड्यांत त्याशिवाय स्लाइडला करंटच मिळत नाही.

एक बाजू पुढे, दुसरी मागे राहिली तर ताबडतोब थांब. आत चप्पल, ड्रॉवर, काहीही अडकलेलं असू शकतं. गाडी वाकडी उभी असली तरी असं होतं.

स्लाइड हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) असेल तर तेलाची पातळी स्लाइड आत असताना बघायची, नाहीतर टाकी उगाच रिकामी वाटते.

हाताने आत घ्यायची वेळ आली तर मोटरचा ब्रेक आधी सोडव, आणि काम झाल्यावर आठवणीने परत लाव. नाहीतर वळणावर खोली बाहेर सरकेल.