वाटेकरी गेला तर घोडी परवडेल का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्याकडे अकरा वर्षांची काठियावाडी घोडी आहे, शहराबाहेरच्या एका रायडिंग स्कूलच्या तबेल्यात ठेवलेली. नववीतली मुलगी आठवड्यातून तीन दिवस रपेट मारते. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या मावसभावांनी निम्म्या खर्चाचा वाटा उचलायची तयारी दाखवली: महिन्याला ८,००० रुपये आणि मंगळ, गुरू, शनी हे तीन दिवस त्यांचे. आता पैसे कधी येतात कधी नाही, दिवस न कळवता बुडतात, नवरात्रात तर नऊ दिवस फोनही उचलला गेला नाही. ताई विचारतात, हा व्यवहार मोडावा का? मोडला तर सगळा भार अंगावर येईल, आणि यजमान म्हणतात की मग मुलीच्या शिक्षणाची १०,००० ची एसआयपी थांबवू.

ताई, व्यवहार मोडा. एसआयपीला हात लावू नका. आणि आजच्या उत्पन्नात ही घोडी एकट्यानं पोसणं तुम्हाला परवडत नाही, हेही आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रात या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत.

तुमच्या भीतीचा आकडा ८,००० आहे. तो चुकीचा आहे. तुम्ही पाठवलेल्या बारा महिन्यांच्या नोंदीत सात हप्ते पूर्ण आले, दोन निम्मे आले, तीन आलेच नाहीत. म्हणजे ठरले होते ९६,०००, मिळाले ६४,०००. महिन्याची सरासरी ५,३३३. मावसदीर न आलेल्या दिवशी घोडीला फिरवण्याचे सईसाला, म्हणजे घोडी सांभाळणाऱ्याला, जादा द्यावे लागले, दर वेळी २५०, महिन्याला साधारण १,२५०. त्यांच्या हातून तुटलेला तंग (खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा) आणि रिकिबीचे पट्टे बदलायला वर्षात ६,००० गेले, म्हणजे महिन्याला ५००. तबेल्याची फी १४,०००, आणि नालबंद, डॉक्टर, लसी, जंताचं औषध मिळून ३,५००, असा घोडीचा मूळ खर्च १७,५००. हे सगळं एकत्र मांडलं तर तुमच्या खिशातून आज महिन्याला सुमारे १३,९०० जातात. तुम्ही मात्र मनात ९,५०० धरून चालला आहात.

घोडी लंगडली तेव्हाचं ९,००० चं बिल मी यात धरलेलं नाही. दोन आठवडे न फिरवलेल्या घोडीला एकदम दौडवलं तर असं होऊ शकतं, पण त्या दिवशी त्यामुळेच झालं हे तुम्ही दाखवू शकणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा घोडी हलवायला केलेला टेम्पोही बाहेर ठेवलाय. तो खर्च निम्मा मागता आला असता, पण त्या रात्री फोन बंद होता हे मला पैशांपेक्षा मोठं वाटतं. घोड्याला पोटशूळ उठतो तो रात्री-अपरात्री, आणि डॉक्टर बोलवायचा का, किती खर्च करायचा, हे तासाभरात ठरवावं लागतं. त्या तासात जो सापडत नाही त्याला वाटेकरी का म्हणायचं?

आता ते गेल्यावरचा हिशेब. तीन दिवस मोकळे झाले म्हणून घोडीची हालचाल थांबवता येत नाही. मुलीनं एक दिवस वाढवला, एक दिवस विश्रांतीचा ठेवला, तरी दोन दिवस सईसाला फिरवावंच लागेल, त्याचे महिन्याला सुमारे २,१५०. एकूण १९,६५०. म्हणजे वाढ साधारण ५,७५० ची. घरखर्च, घराचा हप्ता, फी आणि एसआयपी वजा जाता घोडीसाठी तुमच्या हाती १६,००० उरतात, असं तुम्ही लिहिलंय. दर महिन्याला ३,६५० ची तूट येईल. एफडीत १,८०,००० आहेत, पण हप्त्यासकट घरखर्च ९०,००० असेल तर ती तुमची दोन महिन्यांची शिदोरी आहे. ती घोडीच्या चाऱ्यात घालू नका. मुलगी बारावी पास व्हायला साडेतीन वर्षंही नाहीत, त्यामुळे एसआयपी आज थांबवली तर ती भरून काढायला पुढे वेळच नाही. यजमानांना हे जरा आकडे मांडून सांगा. त्यांना एसआयपी सगळ्यात सोपी वाटते, कारण ती थांबवताना कुणाला नाराज करावं लागत नाही.

मग मावसदिरांना ठेवूनच घ्यावं का? इथेच तुमच्या पत्रातली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिलीत: रायडिंग स्कूलनं आठवड्याला चार तास घोडी शिकवणीसाठी मागितली होती, बदल्यात फीमध्ये ४,००० ची सूट, पण त्यांना मंगळवार आणि गुरुवारची संध्याकाळच हवी होती, म्हणून तुम्ही नाही म्हणालात. म्हणजे मावसदीर न आल्याचे दिवसही त्यांच्या नावानं अडकून पडलेत. ते दिवस सुटले तर खर्च १३,५०० वर येतो आणि त्या दोन दिवशी सईसाला जादा द्यायची गरज राहत नाही. शनिवार मुलीचा. आजच्या १३,९०० पेक्षा हे थोडं कमीच आहे, शिवाय सूट दर महिन्याच्या बिलातच वजा होते, कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

नवशिक्या मुलांच्या हातात लगाम गेला तर घोडीचं तोंड बिघडेल, म्हणजे ती लगामाचा इशारा मानेनाशी होईल, ही तुमची धास्ती खरी आहे. म्हणून सहा महिन्यांपुरतं आणि लेखी ठरवा. आठवड्याला चार तासांच्या वर नाही, सलग दोन तास नाहीत, शिकवणीत दुखापत झाली तर डॉक्टरचं बिल रायडिंग स्कूलचं. स्वाराच्या वजनाची अटही घाला. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे. तुमच्या ३२० किलोच्या घोडीला ते ६४ किलो झाले. (मावसदिरांचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही.)

लग्नसराईत वरातीला भाड्यानं द्यायचा जो सल्ला तुम्हाला मिळालाय तो सोडून द्या. बँड, फटाके आणि गर्दी यांची सवय नसलेली घोडी बुजली तर नवरदेवाच्या हाडांची जबाबदारी तुमच्यावर येईल.

नवा वाटेकरी शोधायचा असेल तर घाई नको, शाळेची व्यवस्था दोन महिने नीट चालू द्या. मग एखादाच दिवस द्या. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. दोन महिन्यांची अनामत. दिवस बुडाला तर पैसे परत नाहीत, उलट सईसाचे २५० त्यांचे. त्यांच्याकडे अपघात विमा आहे का बघा, आणि पॉलिसीत धोकादायक खेळ वगळलेत का तेही वाचून घ्या, कारण बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात. घोडीचा विमा सरकारी विमा कंपन्या करतात, पण तो मुख्यतः मृत्यूसाठी असतो, उपचारांच्या बिलांसाठी नाही. म्हणून १६,००० मधून उरणारे २,५०० दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला ३०,००० होतील. पोटशूळाच्या रात्री तेच उपयोगी पडतील.

एक गोष्ट आत्ता ठरवायची नाही, पण डोळ्यांसमोर असू द्या. घोडे पंचविशीपर्यंत सहज जगतात. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तर घोडी पंधराच्या आसपास असेल आणि पुढची दहा वर्षं तुमची. ओळखीच्यांनी सांगितलेली तिची किंमत १,५०,००० आहे आणि वर्षाचा मूळ खर्चच २,१०,०००. म्हणजे 'आणखी वर्षभर बघू' असं प्रत्येक वेळी म्हणताना तुम्ही तिच्या किमतीपेक्षा जास्त खर्च करत असता. मुलगी अकरावीला जाईल तेव्हा यावर घरात एकदा बसून बोला. शाळेनं सहा महिन्यांनी हात वर केले आणि दुसरा वाटेकरीही मिळाला नाही, तर हे बोलणं लवकर करावं लागेल.

राहिली मावसदिरांची थकबाकी, ३२,०००. कागद नाही म्हणून हक्क जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करार असतो, तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर रक्कम आणि दिवस दोन्ही लिहिलेले आहेत, आणि पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तरी कोर्टात जाऊ नका. वकील, हेलपाटे आणि गणपतीत एकाच मांडवात समोरासमोर येणं, हे ३२,००० मध्ये बसत नाही. खोगिराला त्यांनी १४,००० घातले होते. दोन वर्षांच्या वापरानंतर त्यांच्या वाट्याचे ७,००० धरा, ते थकबाकीतून वजा करा आणि २५,००० मागा. हवं तर पाच हप्त्यांत. एकदाच मागा, लेखी मागा, आणि तुमच्या बजेटमध्ये ही रक्कम शून्य धरा.

कारणांची यादी देत बसू नका. प्रत्येक कारणाला उत्तर येईल आणि बोलणं नवरात्रावर जाईल. निरोप यजमानांनी द्यावा, नातं त्यांचं आहे: पुढच्या महिन्याच्या तीस तारखेनंतर ही व्यवस्था बंद, तोवरचे दिवस तुमचे, हिशेब सोबत पाठवलाय. त्याच दिवशी तबेल्याच्या मॅनेजरलाही लेखी कळवा की तीस तारखेनंतर तुमच्या किंवा मुलीच्या परवानगीशिवाय घोडी कुणाच्याही हाती द्यायची नाही. खोगिराच्या पेटीची किल्ली मावसदिरांकडे आहे, असं तुम्ही लिहिलंय. ती परत मागायला अवघड वाटत असेल तर सरळ कुलूप बदला, दोनशे रुपयांचं काम आहे.