संस्कृती आल्यावर माणसाची जैविक उत्क्रांती थांबली का?

नाही थांबली, उलट संस्कृतीच कधी कधी उत्क्रांतीला दिशा देते, आणि याचं सगळ्यात पक्कं उदाहरण आपल्या घरातच आहे, दूध. बाळाच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं, त्याने दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज पचते, पण बहुतेक माणसांमध्ये अंगावरचं दूध सुटलं की ते हळूहळू कमी होत जातं. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच आहे, त्यामुळे हा काही रोग नाहीये हे प्लीज लक्षात घ्या.

मग १० हजार वर्षांपूर्वीच्या आसपास माणूस गुरं पाळायला लागला आणि जिथे पिढ्यानपिढ्या दूध प्यायलं गेलं तिथे लॅक्टेज चालू ठेवणारं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, ज्यांच्यात होतं त्यांचा वंश जास्त वाढला. उत्तर युरोपातलं म्युटेशन वेगळं, पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांचं वेगळं, पण काम तेच! मला हे खरंच ग्रेट वाटतं. भारतात मुख्यतः युरोपवालंच सापडतं, उत्तर-पश्चिमेकडे जास्त.

आणि ज्यांच्यात ते नाही त्यांच्यासाठी दही आहेच की. कोमट दुधात चमचाभर विरजण घालून रात्रभर झाकून ठेवलं की बॅक्टेरिया थोडाफार लॅक्टोज खाऊन त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड करतात, म्हणजे पचनाचं थोडं काम भांड्यातच होऊन जातं. जीन फक्त आईबापाकडून येतो, विरजण शेजारच्या काकूंकडूनही मिळतं, म्हणून संस्कृतीचा स्पीड जास्त. आमच्या बाबांचं कपभर दुधाने पोट फुगतं, ताक मात्र दोन-दोन ग्लास आरामात पितात.