माथेरानला दोन दिवस स्वस्तात राहायचं तर जेवणासकट पॅकेज घ्यावं की नुसती खोली?

तुम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी, शनिवार-रविवार आणि खिशाला परवडेल असं, एवढं तुम्ही लिहिलंय. नुसती खोली घ्या, बाजारपेठेपासून पाच-दहा मिनिटांवर घ्या आणि बाहेर जेवा. 'पॅकेजच स्वस्त पडतं' हे आमच्या डोंबिवलीच्या भावोजींचं पालुपद मी दर सुट्टीत ऐकतो, म्हणून हिशोबच मांडतो.

समजा पॅकेज माणशी 1400 आणि मुलीचे अर्धे, म्हणजे दिवसाला 3500. तसलीच खोली जेवणाशिवाय 1600 ला मिळत असेल, तर तुम्ही जेवणाचे दिवसाला 1900 भरताय. तेवढ्यात दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल बाजारात दोन दिवस नाश्ता-चहासकट जेवतील. शिवाय पॅकेजचा दिवस दुपारच्या जेवणापासून मोजतात आणि पंगत बहुतेक दोनपर्यंत आटोपते. लोकल चुकली, नेरळला टॅक्सी भरेपर्यंत वेळ गेला, की पहिलं जेवण बुडालं. पैसे परत मिळत नाहीत.

त्याहून मोठं नुकसान पायांचं. पॅनोरमा पॉइंट एका टोकाला, वन ट्री हिल दुसऱ्या टोकाला, आणि गावात मोटारगाड्यांना बंदी. एक वाजता हॉटेलवर जेवायला परतायचं म्हटलं की सकाळची अर्धी भटकंती तिथेच संपते. भावोजींना हे पटत नाही, कारण ते खोलीबाहेर पडतच नाहीत.

बाहेर खाताना भाव मुंबईपेक्षा चढे असणारच. सिलिंडरपासून कांद्या-बटाट्यापर्यंत बहुतेक सगळं दस्तुरीहून, म्हणजे टॅक्सी जिथे सोडते त्या नाक्यापासून, पुढे घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावरून येतं. म्हणून लांबलचक मेनूकार्डाच्या वाटेला जाऊ नका. जिथे दुपारी घोडेवाले आणि हमाल बसलेले दिसतील तिथे राइसप्लेट घ्या. गिऱ्हाईक रोजचं असल्याने भाजी ताजी असते. पॉइंटवरच्या टपरीत कढईतून निघालेली भजी खा, मांडून ठेवलेली नको. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं थेट हिसकावतात. मूल घाबरतं.

खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यात इथे भिंती महिनोन्‌महिने भिजतात, त्यामुळे पलंगामागची भिंत जमिनीलगत हाताने चाचपा. रंगाचे पोपडे हाताला लागले तर ताजी रंगरंगोटी फक्त ओल झाकायला आहे. उशीचा अभ्रा काढून आतली उशी हुंगा. न्हाणीघराला खिडकी हवी आणि खिडकीला जाळी हवी, नाहीतर उघडी ठेवली की माकड आत. चादरीवर तांबडी धूळ दिसली तर नाक मुरडू नका, जांभ्या मातीचं गाव आहे; कुबट वास मात्र चालवून घेऊ नका. मग तीन प्रश्न: दर माणशी की खोलीचा, गरम पाणी किती ते किती, आणि खोली सोडायची वेळ काय. काही ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच बाहेर काढतात.

नेरळ स्टेशनवर आणि दस्तुरीला 'रूम पाहिजे का' म्हणत मागे लागतील, त्यांच्याबरोबर जाऊ नका. त्यांचं कमिशन तुमच्याच भाड्यात चढतं. दस्तुरीला प्रवेशकराची पावती घ्या, जवळच्या अमन लॉज स्टेशनहून शटल, म्हणजे छोटी गाडी, पकडा. ती बाजारातच उतरवते. शटल नसेल तर चालत पाऊण तास. हमाल किंवा घोडा केलात तर दर आधी ठरवा. रोख रक्कम मुंबईहूनच न्या.

दस्तुरीजवळची खोली कधीकधी स्वस्त दिसते, पण बाजारात एका जेवणाला जाऊन-येऊन पाच किलोमीटर होतात. सहा वर्षांची मुलगी रात्री ते चालणार नाही.

आता एवढंही सांगतो: भर पावसात बऱ्याच खानावळी बंद असतात, तेव्हा जेवणासकट घेतलेलंच बरं. आजी-आजोबा बरोबर असतील तरीही. मे महिना, दिवाळी आणि लाँग वीकेंडला जाऊन खोली शोधणं जमणार नाही, आधी फोन करून ठरवा आणि वरचे तीन प्रश्न फोनवरच विचारा. जमलं तर शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार पाहा. तीच खोली बरीच कमी भाड्यात मिळते आणि घासाघीसही चालते.