भांडण की छळ?

पोरी, गावातल्या बायकांसाठी काम सुरू केलंस की पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणेल, 'नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून टाका.' घाई करू नकोस. भांडणात दोघंही बोलतात, दोघंही रुसतात. छळात भीती एकालाच असते.

आमच्याकडे कापूस वेचायला जाणारी एक बाई होती. मजुरी किती मिळते विचारलं, की आधी दाराकडे बघायची, मग हळूच म्हणायची, 'तेच ठेवतात.' अंगावर एक वळ नव्हता. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पैसे हिसकावणं, घालूनपाडून बोलणं हीही हिंसाच आहे. अशा बाईला तंटामुक्ती समितीसमोर नवऱ्याशेजारी बसवू नकोस. तिथं ती 'माझीच चूक' म्हणेल आणि रात्री त्याच्याच घरात जाईल. तिला एकटीला गाठ, वावरात, हातपंपावर. या कायद्याखाली मदत करणारा सरकारी संरक्षण अधिकारी कुठं भेटतो ते सांग, महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तिच्याकडून पाठ करून घे. निर्णय तिचा.

आपल्या बायकांच्या गटातही हेच बघ. बैठकीत कुणी तुझा मुद्दा खोडला तर तो छळ नव्हे. तसं म्हणत सुटलीस तर खऱ्या पीडितेचं कुणी ऐकणार नाही. पण हिशेब विचारणारीला कुणी ताई एकटं पाडत असेल, तर बोल. ती ताई मी असले तरी बोल.